माया: लग्नाच्या गाऊनच्या प्रकल्प नोंदी

३ मे

लग्न १४ डिसेंबरला. हातात सव्वासात महिने आहेत. गाऊनचं काम वहीत नोंदवत जायचं ठरवलं, कारण माझ्या बाबतीत ते नुसतं आवडीनिवडीचं काम नाही.

आधी माझी पाठ नोंदवते. तेराव्या वर्षी स्कोलिओसिसचं निदान झालं. कण्याचा एका बाजूला असलेला वाक १० अंश किंवा त्याहून जास्त असला की त्याला स्कोलिओसिस म्हणतात. माझा ३४ अंशांवर थांबला. वाक उजवीकडे आहे. त्यामुळे उजवा खांदा वर, खांद्याचं उजवं पातं मागे उचललेलं आणि डावीकडची कंबर उजवीपेक्षा खोल. तीन वर्षं ब्रेस, म्हणजे पाठीला धरून ठेवणारा कडक साचा, वापरला, ऑपरेशन करावं लागलं नाही. दुखतं ते फक्त फार वेळ उभं राहिल्यावर.

ब्रेसच्या त्या वर्षांत बाजारातला एकही कपडा मला नीट बसायचा नाही. आई माझे सगळे कपडे घरी शिवायची, आणि प्रत्येक शिवणीत भरपूर माया सोडायची. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं ते जास्तीचं कापड दर चार-सहा महिन्यांनी उसवून बाहेर यायचं. नवा गाऊन घेतानाही आत किती माया आहे हे पाहायचं. ही पहिली अट.

दुसरी अट: तो घालून मला बसता आलं पाहिजे.

११ मे

ताईनं मापं घेतली. नेहमीसारखं छाती-कंबर-सीट घेऊन भागत नाही, म्हणून डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी मोजली. कंबरेला इलास्टिक बांधलं आणि ते सगळीकडून जमिनीपासून सारख्या उंचीवर आहे ना, हे आधी फूटपट्टीनं तपासलं. तसं केलं नाही तर इलास्टिक शरीराबरोबर तिरपं होतं आणि सगळी मापं खोटी येतात.

मागून खांदा ते कंबर: उजवीकडे ४३ सेंमी, डावीकडे ४०.५.
कण्यापासून बगलेपर्यंत पाठीची रुंदी: उजवीकडे १८.५, डावीकडे १६.५.

अडीच आणि दोन सेंटीमीटर. तयार कपडा कापताना कापड दुमडून दोन्ही बाजू एकदम कापतात. म्हणजे जगातला प्रत्येक तयार गाऊन आपली डावी-उजवी बाजू सारखीच आहे असं धरून चालतो. तशी ती कुणाचीच तंतोतंत नसते, माझ्यात तो फरक जरा जास्त आहे इतकंच. आकडे समोर आल्यावर मला हलकं वाटलं. इतकी वर्षं 'कपडा बसत नाही' हे मी अंगावर घेत होते. अडीच सेंटीमीटर ही कुणी सोडवू शकेल अशी गोष्ट आहे.

१८ मे

पहिलं दुकान. मी, आई, ताई. लग्नाच्या दिवशी घालीन तसेच आतले कपडे घालून गेले, टाचेचे जुने बूटही नेले. टाच दोन इंचांनी बदलली तरी गाऊनचा तोल बदलतो.

पहिला गाऊन बिनबाह्यांचा आणि बिनपट्ट्यांचा, चमकदार साटिनचा. मापापेक्षा दोन नंबर मोठा होता, म्हणून दुकानातल्या मुलीनं मागून पाच-सहा चिमटे लावून तो आवळला. समोरून आरशात सुंदर दिसला. आईचे डोळे भरून आले. मी वळून पाठ पाहिली, तर चिमट्यांनी सगळं कापड डावीकडे ओढलं गेलं होतं. चिमट्यांवरून गाऊनचा समोरचा आकार कळतो, तो अंगाला कसा बसेल ते कळत नाही. ज्या कुणी दुकानात नमुन्याचा गाऊन घालून पाहणार आहेत त्यांनी चिमटे लावलेले असतानाच बाजूनं आणि मागूनही फोटो काढून घ्यावेत.

असा गाऊन खांद्यावर टेकलेला नसतोच. त्याचं सगळं वजन आतली कंबरपट्टी आणि बोनिंगच्या, म्हणजे आकार धरून ठेवणाऱ्या, उभ्या कडक पट्ट्या यांच्यावर असतं. माझ्या उजव्या फासळ्यांवर एक पट्टी बरोब्बर टेकली. खुर्चीवर बसले तर ती वर सरकून बगलेत रुतली. दहा मिनिटं बसून पाहिलं आणि उतरवला. ब्रेस मी एकदा घातलाय, पुन्हा घालणार नाही.

१ जून

दुसरं दुकान. उरेब कापडाचा साटिन गाऊन. ताण्याबाण्याच्या ४५ अंशांत तिरपं कापलेलं कापड रबरासारखं ताणतं आणि अंगावरून पाण्यासारखं ओघळतं. १९२० आणि १९३०च्या दशकांत मादलेन व्हियोने या फ्रेंच शिवणकर्तीनं हा कट नावारूपाला आणला. अंगात घालताक्षणी का ते कळलं. कुठेही काच नाही, हात वर केला तर गाऊन हातासोबत येतो.

पण उरेब कापड काहीच लपवत नाही, आणि माझ्या अंगावर तर ते फिरतं. पाच मिनिटं चालल्यावर डावी बाजूची शिवण मांडीवर पुढे आली होती. ताईनं ती दोनदा मागे ओढून बसवली, दोन्ही वेळा ती परत आली. दोष गाऊनचा नाही, तो शरीर जिकडे नेईल तिकडे जातो. मन थोडं खट्टू झालं. हा मला खरंच आवडला होता.

२ जून

काल दुकानात 'साटिन की सिल्क' असा प्रश्न ऐकला. तो प्रश्नच चुकीचा आहे म्हणून लिहून ठेवते. सिल्क हा धागा आहे आणि साटिन ही विण. साटिन सिल्कचं असतं तसं पॉलिएस्टरचंही असतं. खात्री करायची तर शिवणीतून एक धागा मागून घ्यावा आणि जाळून पाहावा. सिल्क जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पॉलिएस्टर म्हणजे वाईट असं मुळीच नाही. त्याला चुण्या कमी पडतात, पाण्याचे डाग धरत नाहीत. फक्त सिल्क म्हणून ते विकत घ्यायचं नाही.

रंगाबद्दल. शुभ्र, मोतिया, हस्तिदंती असे तीन तुकडे मागून आणले होते. ते खिडकीच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या दिव्याखाली धरून पाहिले. शुभ्र रंग माझ्या चेहऱ्यावर निळसर सावली टाकतो. मोतिया तिन्ही उजेडांत टिकला. पांढराच हवा असा हट्ट तसा जुना नाहीच. राणी व्हिक्टोरिया १८४० साली पांढऱ्या साटिनमध्ये बोहल्यावर उभी राहिली, त्यानंतर ती रीत पसरत गेली. त्याआधी युरोपातल्या बहुतेक नवऱ्या आपला सगळ्यात चांगला पोशाख घालायच्या, मग तो निळा असो की तपकिरी. मोतिया पक्का.

१५ जून

तिसरं दुकान. सापडला.

जाड, मॅट क्रेप. क्रेपचा धागा खूप पीळ दिलेला असतो. त्यामुळे पृष्ठभाग किंचित दाणेदार होतो आणि उजेड आरशासारखा परतवण्याऐवजी विखरून टाकतो. साटिनवर प्रत्येक उंचवटा चमकतो. क्रेपवर माझं उजवं पातं नुसतं एक मऊ सावली होऊन राहतं. लांब बाह्या, रुंद गळा, खांद्यावर टेकणारा. पुढेमागे प्रिन्सेस कट, म्हणजे मुंढ्यापासून खाली उतरणाऱ्या उभ्या शिवणी. कंबरेला आडवी शिवण नाही. आडवी शिवण असती तर माझा तिरपेपणा तिनं पट्टी लावल्यासारखा दाखवला असता. उभ्या शिवणी मात्र प्रत्येक बाजूला वेगळ्या आत-बाहेर करता येतात.

बसले. वाकले. ताईला मिठी मारली. जिना चढले, उतरले. बाथरूमला जाऊन आले (हे पाहायलाच हवं, लाजू नये). कुठेही ओढलं नाही.

आणि मग मी वळले. मागे मानेपासून कंबरेखालपर्यंत कापडानं मढवलेल्या बटणांची रांग होती, २२ बटणं. कापड अंगाबरोबर ओढलं जाऊन ती रांग मध्ये उजवीकडे झुकली होती आणि खाली डावीकडे परतली होती. मोबाइलवर फोटो पाहिला. माझा एक्स-रे.

आई पटकन म्हणाली, "मागून एक लांब ओढणी सोडू. नाहीतर छोटं जॅकेट शिवू वरून. कुणाला काही कळणार नाही."

मी काहीच बोलले नाही. गाऊन राखून ठेवायला सांगून आलो.

२० जून

पाच दिवस घरात हाच विषय. आईचं म्हणणं पाठ झाकावी. ताई उलट टोकाला. तिनं युजनी या ब्रिटिश राजकन्येच्या २०१८च्या लग्नाचे फोटो पाठवले. बाराव्या वर्षी स्कोलिओसिसचं ऑपरेशन झालेल्या युजनीनं मुद्दाम मागून खोल गळ्याचा गाऊन शिवून घेतला, पाठीवरचा व्रण दिसावा म्हणून. ते फोटो मी बराच वेळ पाहिले. मला त्यांनी धीर दिला हे खरं आहे.

पण मला पाठ दाखवायचीही नाही आणि झाकायचीही नाही. कुणाला काही सांगण्यासाठी मी तो गाऊन घालणार नाही. मला तो अंगाला नीट बसायला हवाय, बस.

२९ जून

ऑर्डर देण्याआधी शिवणाऱ्या काकूंकडे गेले. अनेक जणी गाऊन आल्यावर दुरुस्तीला माणूस शोधतात. माझ्या मते क्रम उलटा हवा: जो हात तो गाऊन उसवणार आहे त्याला आधी विचारावं.

काकूंनी मापांचा कागद वाचला, मला पाठमोरं उभं केलं आणि तळहात सपाट ठेवून पाठीवरून दोनदा फिरवला. मग म्हणाल्या, "गाऊन आवडलाय ना, मग घे. पण मोठ्या बाजूच्या मापानं घे. आत घेता येतं, बाहेर काढायला कापड लागतं." दुकानाला तीन गोष्टी लेखी विचारायला सांगितल्या: मागच्या आणि बाजूच्या शिवणींत माया किती, त्याच ताग्यातलं एक मीटर कापड वेगळं मिळेल का, आणि मागचा लोळता घेर हवा तेवढा लांब ठेवता येईल का.

लोळता घेर मला नकोच होता. १९८१ साली डायनाचा २५ फुटांचा घेर बग्गीत कोंबावा लागला आणि उतरताना तो चुरगळलेला सगळ्या जगानं पाहिला. काकू म्हणाल्या, "घेर म्हणून नको ठेवूस. कापड म्हणून ठेव."

५ जुलै

ऑर्डर दिली. माझ्या उजव्या बाजूच्या मापानं. शिवणींत एक इंच माया, हे पावतीवर लिहून घेतलं. सुटं कापड देत नाही म्हणाले, म्हणून घेर एक मीटरचा ठेवला. दुरुस्तीचे पैसे आजच वेगळ्या पाकिटात काढून ठेवले. हा खर्च गाऊनच्या किमतीतच धरायला हवा, नंतरचा म्हणून नाही.

२४ ऑगस्ट

बूट घेतले. पाच सेंमीची टाच, जाडसर. घरात रोज अर्धा तास घालून चालतेय.

८ ऑक्टोबर

गाऊन आला.

रंग बरोबर, कापड बरोबर, बाह्या सुरेख. मग घरी पलंगावर उलटा पसरला आणि शिवणी मोजल्या. माया पाव इंच. सगळीकडे पाव इंच, ओव्हरलॉक मारून कापून टाकलेली. पावतीवर एक इंच लिहिलेलं आहे. फोन केला तर म्हणे कारखान्यातून असाच येतो, नवा मागवला तर जानेवारीत मिळेल.

घालून पाहिला. उजव्या पाठीवर ताणतोय, हात पुढे घेतला की बटणांची रांग ओढली जाते. डावीकडे पिशवीसारखा झोळ.

मी रागावले, आणि मग खूप रडले. तेरा वर्षांची असताना कपड्यांच्या दुकानात रडायचे तशीच. आई शेजारी येऊन बसली, तिनं गाऊन मांडीवर घेतला आणि शिवणीवरून बोट फिरवत राहिली. "इतकी कशी कंजुषी करतात ही माणसं," एवढंच म्हणाली.

१० ऑक्टोबर

काकूंनी रडणं ऐकूनच घेतलं नाही. गाऊन टेबलावर, लोळता घेर हातात, मोजपट्टी गळ्यात. "एक मीटर आहे. पुष्कळ आहे."

बेत असा. मागचा लोळता घेर कापून गाऊन जमिनीबरोबर करायचा. त्या कापडातून मागची उजवी बाजू पूर्ण नवी कापायची, या वेळी दीड इंच माया ठेवून. डावी बाजू जुनीच, प्रिन्सेस शिवणीत आत घेऊन. मुख्य म्हणजे नवा भाग कापताना कापडाचा उभा धागा जुन्या भागाच्याच दिशेनं ठेवायचा, नाहीतर एकाच कापडाच्या दोन छटा दिसतील आणि लोंबणंही वेगळं होईल.

मी विचारलं, वेळ पुरेल का? काकूंनी अ‍ॅन लो यांची हकिगत सांगितली. १९५३ साली जॅकलिन केनेडींचा लग्नाचा गाऊन या कृष्णवर्णीय अमेरिकन शिवणकर्तीनं शिवला. लग्नाला दहा दिवस असताना तिच्या शिवणघरात पाण्याचा नळ फुटला आणि गाऊन वाया गेला. तिनं तो नव्यानं शिवून वेळेवर दिला, नुकसान स्वतः सोसलं. "तुझ्याकडे तर पासष्ट दिवस आहेत," काकू म्हणाल्या.

१२ ऑक्टोबर

खऱ्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटाचा नमुना. डाव्या आणि उजव्या बाजूचे वेगळे कागद, कापड दुमडायचं नाही. काकूंनी तो माझ्या अंगावरच कच्च्या टाक्यांनी जोडला आणि पेन्सिलनं खुणा केल्या. मी सरळ उभी राहायचा प्रयत्न करत होते. त्यांनी पाठीवर थाप मारली. "तशी नको. रोज उभी राहतेस तशी राहा. मी तुझा कपडा शिवतेय."

त्या वाक्यानंतर मी श्वास सोडला आणि खांदा आपल्या जागी खाली-वर झाला.

२६ ऑक्टोबर

नवी उजवी बाजू बसली. पहिल्यांदाच पाठीवर कापड सपाट टेकलंय, ताण नाही, झोळ नाही. हात पूर्ण वर जातात.

आता बटणांचा प्रश्न. मूळ गाऊनमध्ये बटणं शोभेची होती, आत चेन होती. चेन सरळ रेषेत नीट बसते. वाकवली की फुगते. काकूंनी दोन मार्ग मांडले. एक: मधली शिवण गळ्यापासून खालपर्यंत ओळंब्यासारखी सरळ ठेवायची. रांग सरळ दिसेल, पण ती कण्यावर नसेल आणि दोन्ही बाजूंना पाठ कमी-जास्त दिसेल. दोन: चेन काढायची, शिवण कण्याबरोबर वळवायची, आणि बटणं खरीच काजा-लूपनं लावायची. मग रांग वळेल, पण अंगावर नीट बसेल.

कच्च्या टाक्यांनी दोन्ही करून दाखवलं. दोन्हींचे फोटो काढले. सरळ रांगेच्या फोटोत मला माझी पाठ चुकलेली दिसली. वळलेल्या रांगेत ती नुसती पाठ होती.

दुसरा मार्ग. आई गप्प होती. घरी येताना तिनं विचारलं, "मग ओढणी नको का?" मी म्हटलं, "नको, आई." ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली.

९ नोव्हेंबर

डाव्या खांद्याला आतून पातळ पॅड, कापसाचे तीनच थर. काकू पाच थर लावून दोन्ही खांदे सारखे करू शकत होत्या. मी तीन सांगितले. गळा घसरू नये एवढ्यापुरताच तो पॅड हवाय.

२३ नोव्हेंबर

तळाची दुमड. गाऊन तीन दिवस हँगरला लटकवून ठेवला होता, म्हणजे कापड जे काही उतरायचं ते आधीच उतरेल. माप जमिनीपासून वर घेतात, कंबरेपासून खाली नाही. माझ्यासारखीला तर हे फारच महत्त्वाचं. कंबरेपासून मोजलं असतं तर घेर एका बाजूला टेकला असता. नवे बूट घालून टेबलावर उभी राहिले आणि काकू फूटपट्टी घेऊन माझ्याभोवती गोल फिरल्या. दर चार बोटांवर एक टाचणी. जमिनीपासून दोन सेंमी वर.

मग पूर्ण एक तास घालून बसले. जेवायला बसते तशी, हात टेबलावर ठेवून. दुखलं नाही.

६ डिसेंबर

शेवटची ट्रायल. काकूंनी आईला हाक मारली, "बटणं तुम्ही लावा. त्या दिवशी तुम्हीच लावणार ना."

लूप इतके बारीक आहेत की क्रोशाची सुई लागते. आईनं खालून सुरुवात केली. मला आरशात तिचं फक्त डोकं दिसत होतं. पहिली चार-पाच बटणं हळू गेली. मग तिनं सुई बाजूला ठेवली आणि बोटांनीच लावू लागली. डावीकडून वर, मग मध्ये उजवीकडे, मग परत मानेखाली. कुठे रांग वळते ते तिला पाहावं लागत नव्हतं. ब्रेसच्या पट्ट्यांनी कातडी सोलवटायची तेव्हा तीन वर्षं रोज रात्री ती याच वाटेनं पाठीला मलम लावायची.

बाविसावं लावून झालं. काकूंनी विचारलं, "ओढतंय का कुठे? सैल करू?"

आईनं उजव्या शिवणीवर तळहात ठेवला. "नको," म्हणाली. "लागलीच तर आत माया आहे."

राहिलेली कामं: इस्त्री नाही, फक्त वाफ, तीही उलट्या बाजूनं. सुती चादरीत गुंडाळून ठेवणे, प्लास्टिकची पिशवी नको. तीन जास्तीची बटणं, मोतिया दोरा, सुई आणि क्रोशाची सुई ताईच्या पर्समध्ये. काकूंना १४ तारखेला पुढच्या रांगेत जागा.